जाम केलेला क्लच

उसाच्या ट्रकचं इंजिन सारखं तापायचं, म्हणून शहागडच्या गयासोद्दीन मिस्त्रीनं भर दुपारी इंजिन थंड करणाऱ्या पंख्याचा क्लच वेल्डिंग मारून जाम केला. आता इंजिन चालेल तोवर पंखा फिरणारच.

पण ड्रायव्हर रामकिसननं इंजिन चालू करून पाहिलं आणि बंद केलं, तरी पंखा थांबेना. मिस्त्रीनं शिवी हासडून बेल्टच कापला. पंखा फिरतच राहिला. मग एकदम थांबला.

पात्याला तुटलेलं बोट चिकटलं होतं. रक्त गळत होतं. बोटात नागाची तांब्याची अंगठी होती.

"रामकिसनभाऊ, बोट गेलं तुमचं!"

"न्हाई मिस्त्री, बराबर हाये की." रामकिसननं खाली उतरून हात दाखवला. तीच अंगठी त्याच्या बोटात होती.

"मंग हे कोणाचं?"

रामकिसननं ते काढायला हात घातला. तुटलेलं बोट वाकलं, त्याच्या बोटात घट्ट अडकलं, आणि पंखा सुरू झाला.