पाहुण्या बाईंचा मुक्काम

आमच्या ह्यांनी भाड्याने द्यायला म्हणून पहिलाच फ्लॅट घेतला. वर्षाचा भाडेकरू ठेवावा की चार दिवसांचे पाहुणे, यावर महिनाभर माझं डोकं खाल्लं आणि शेवटी पाहुणे ठरवले.

पहिल्याच बाई अशा आल्या की हलेचनात. दर आठवड्याला ऑनलाइनच मुक्काम वाढवायच्या. "बघ, पाहुण्यांतच फायदा आहे, म्हटलं नव्हतं?" म्हणत हे मला घेऊन धुतलेल्या चादरी द्यायला गेले.

दार सासूबाईंनी उघडलं. बुकिंग त्यांच्या मैत्रिणीच्या नावावर होतं.

"आई, स्वतःचं घर सोडून इथे?"

"तिथे महिना महिना तुझा फोन नसतो. इथे रोज सकाळी मेसेज करून विचारतोस, झोप लागली का, काही हवंय का."

हे खाली मान घालून चादरीची घडी मोडत राहिले.



तो मेसेज आपोआप जातो, हे सासूबाईंना आम्ही अजून सांगितलेलं नाही.