दुसरं धोतर

सल्फाच्या नव्या गोळ्या सुरू होऊन दोन दिवस झाले होते. टिपणीस डॉक्टरांनी तीन वर्षांच्या चंद्रीच्या कपाळाला हात लावला आणि त्यांचा चेहरा खुलला. न्यूमोनियाचा ताप चक्क उतरला होता!

“लघवी होतेय ना?”

“कालपासून नाही,” चंद्रीची आई म्हणाली.

“पाणी किती पाजलंस?”

“तापात पाणी कसं पाजू, डाक्टर?”

डॉक्टरांनी लगेच पाणी आणि चमचा मागवला. पाणी कमी पडलं की या औषधाचे मूत्रपिंडात खडे होतात. चंद्रीला मांडीवर घेऊन ते स्वतःच चमच्याचमच्याने पाणी पाजत बसले. दुपार कलली.

अचानक मांडी ऊबदार, ओलीचिंब झाली.

“मुतली!” अख्ख्या आळीला ऐकू जाईल असे डॉक्टर ओरडले. “अगं, मुतली!”

आई ओशाळली. “अगं बाई, तुमचं धोतर...”

“तू पाणी पाज! धोतर दुसरं आहे माझ्याकडे.”