चौकडीची चिंधी

पेलकी भिंतीवरून मुंडकं उतरवायचा, मांडीवर घ्यायचा आणि मानेचे केस उलटे सारून बघायचा. आई पोराच्या डोक्यात उवा बघते तसा. पेंढा भरलेली हरणांची, खांद्यापर्यंतची जुनी मुंडकी गोळा करून हॉटेलांना विकायची, हा त्याचा धंदा. शिंगं काय, कुणालाही दिसतात. खोट कातड्यात असते.

“याला कसर लागलीय,” तो म्हणाला. “याची शिंगं कापून कुत्र्यांना चघळायला जातील. वाईट वाटून घेऊ नका, आर्वो.”

“मलाही घेऊन जा,” शेगडीपाशी बसलेला म्हातारा आर्वो म्हणाला. “कातडं सैल झालंय, पण दात शाबूत आहेत.”

पेलकी हसला. आर्वोची बायको इल्मा हसली नाही. शिकारीची ही खोपी विकून झाली होती, मुंडकी कुठं जातात याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. दाराशेजारी भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेल्या चिंध्या होत्या. त्यांतल्या लाल चौकडीच्या चिंधीचा खिळा ती चमच्याच्या दांड्यानं उचकटत होती.

नेम चुकला की शिकाऱ्याच्या शर्टाचं मागचं टोक चारचौघांत कापायचं, त्यावर नाव टाकायचं आणि भिंतीवर ठोकायचं. पोराची अब्रू काढायची आणि वर बिअर प्यायची. आमच्या मिशिगनच्या रानात याला रीत म्हणतात.

लाल चौकडीवर ‘डेल’ लिहिलं होतं. शर्ट इल्मानंच शिवलेला. डेल त्यांचा एकुलता एक. चिंधी ठोकली त्या दिवसानंतर त्यानं या खोपीत पाऊल टाकलं नाही. मिसरूड फुटल्यावर घरही सोडलं, पुन्हा फोन नाही की काही नाही. गेल्या महिन्यात त्याची राख टपालानं आली. राखेच्या डब्याला गुंडाळायला इल्माला ती चिंधी हवी होती.

“किती खोल ठोकलायस रे हा?”

“ठोकला माझ्या भावानं. मी नुसतं कापलं.”

“नुसतं!”

पेलकीनं शेगडीमागच्या भिंतीवरचं सगळ्यात मोठं मुंडकं उतरवलं आणि शीळ घातली. “हा तर राजाच! कुणी मारला?”

“मी.”

“डेलच्या हातून सुटलेला,” इल्मा मान न वळवता म्हणाली. “दुसऱ्या दिवशी सकाळी यानं मारला.”

पेलकीचा अंगठा केसांतून फिरता फिरता मानेपाशी थांबला. “दोनदा गोळी झाडलीत वाटतं?”

“एकदाच,” इल्मा म्हणाली. “एका गोळीत लोळवला. दर नाताळला जेवायला बसलं की ऐकतेय मी.”

“नाही मॅडम. ही बघा, खांद्यापाशी गोळीचं भोक बुजवल्याची एक शिवण. आणि इथं मानेत दुसरी. दोन्ही एकाच अंगाला. म्हणजे गोळी आरपार गेली असंही नाही. दोन गोळ्या लागल्यात याला.”

इल्माच्या हातातला चमचा थांबला. शेगडीत लाकूड तडकलं.

“आर्वो, तू स्वतःच सोललास ना याला?”

“हो.”

“मग दिसलं असेल तुला.”

म्हातारा हाताचे तळवे बघत राहिला.

“दिसलं,” तो म्हणाला. “पण तोवर चिंधी ठोकून झाली होती. सगळे हसूनही झाले होते.”

“घरी येऊन मला म्हणाला, लागली होती गं आई, मी बघितली,” इल्मा म्हणाली. “मी त्याला म्हटलं, खोटं बोलू नकोस.”

पेलकीला राहवलं नाही. “शिवण असली तरी हॉटेलवाल्यांना चालतं,” तो पुटपुटला. “उंचावर टांगतात ते.”

इल्मानं चमचा टाकला आणि चिंधी मुठीत धरून ओढली. खिळा निघाला नाही. चिंधी फाटून आली, एक टोक खिळ्याखालीच राहिलं. तिनं ती कोटाच्या खिशात घातली.

आर्वो उठला. फळीवरचा सोलायचा सुरा काढून त्यानं टेबलावर ठेवला. मग भिंतीकडे तोंड केलं आणि पँटीत खोचलेला शर्ट मागून बाहेर ओढला.

“काप,” तो म्हणाला.

बाहेर गाडीचं दार आपटलं. इंजिन सुरू झालं.

काचेच्या डोळ्यांचं ते मुंडकं छातीशी धरून पेलकी तसाच उभा होता. “आर्वो,” तो हळूच म्हणाला, “त्या गेल्या.”

“काप,” म्हातारा भिंतीला म्हणाला.