शत्रूची बाजू

"बुडालं! साहेब, तुमचं जहाज बुडालं!" तस्नीमने टाळीच वाजवली.

टेबलावरच्या निळ्या कापडावर छोटं लाकडी जहाज आडवं पडलं होतं. समोर मोरिता साहेब. जपानी नौदलात तीस वर्षं नुसत्या लढायांच्या योजना आखलेला माणूस. आता निवृत्त होऊन आखातातल्या रुवी शहरातल्या या जहाज कंपनीचा सल्लागार. सामुद्रधुनीत सध्या जहाजांवर हल्ले होत होते. परवा जहाज पाठवायचं की नाही, ते आज या लुटुपुटूच्या लढाईवरून ठरणार होतं. शत्रू कोण होणार म्हटल्यावर टायपिंग करणारी तस्नीमच पुढे सरसावली. त्या जहाजावर तिचे अब्बा सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते. टेबलावर बुडवलं की अब्बा घरी! इतकं सोपं गणित होतं.

"मासेमारीच्या होड्यांमागे लपून आलीस," मोरिता म्हणाले. "शाबास, पोरी. हे मला सुचलं नव्हतं."

"दाभोळच्या खाडीत वाढलेय, साहेब!"

मॅनेजर प्रेमानंद सरांनी ते जहाज उचललं आणि पुन्हा उभं केलं. "हा डाव धरू नका. 'मार्ग सुरक्षित' लिहा, सही करा. खलास."

"टेबलावर बुडालेलं जहाज मी हाताने वर काढत नाही," मोरिता म्हणाले. "आयुष्यभर काढलं नाही." त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"हरलात, सर!" तस्नीम हसली. "आता बिर्याणी तुमच्याकडून."

सर हसले नाहीत. एसी चालू असूनही त्यांच्या कपाळावर घाम होता.

"तस्नीम... पहाटे वरून फोन आला गं. जहाज सकाळीच सुटलं. सही नुसती कागदासाठी हवी होती."

मग मोरितांनी फोन ओढला आणि कॅप्टनला गाठलं. "डेकवरचा पहारा कोणाकडे आहे? सारंगाकडे? बोलवा त्याला." त्यांनी रिसीव्हर तस्नीमपुढे धरला. "चाल तुझी आहे. तूच सांग."

तिने तो कानाला लावला. पलीकडे वारा घोंघावत होता.

"तस्नीम? काय गं, जेवलीस का?"

"अब्बा," ती म्हणाली, "मी तुम्हाला कसं बुडवलं, ते नीट ऐका."