हद्दीचा दगड

लीलाबाईंनी आपल्या शेतातल्या बाभळीपासून दगडापर्यंत पुन्हा पावलं मोजली. एकोणीसच भरली. दिवाळीला बावीस होती. म्हणजे सावंगी गावाकडून सरकत आलेलं ते प्लॉटांचं लेआउट तीन पावलं त्यांच्या तुरीत शिरलं होतं, आणि हद्दीचा दगडही पाय फुटल्यागत मागोमाग चालत आला होता.

हे पाय लेआउटवाल्या बंडूजींचे, हे सगळ्यांना ठाऊक. पण विचारलं की बंडूजी भोळा चेहरा करून म्हणत, "काकू, दगड कुठं चालते का?" मोजणीचा अर्ज करून वर्ष झालं, मोजणीवाला काही उगवला नाही. उरलंसुरलं दोन एकर. तेही असं वितीवितीनं जाणार, या विचारानं बाईंचा जीव खालीवर होई.

शेवटी त्यांनी डोकं चालवलं. मंगळवारी सकाळी दगडाला शेंदूर फासला, नारळ फोडला, दोन अगरबत्त्या खोचल्या.

"माणसाले भेत नाई, देवाले तं भेईन," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

गुण लगेच आला. बुधवारी जेसीबीवाल्यानं दगड पाहिला, खाली उतरून चप्पल काढली, हात जोडले आणि मशीन मागं घेतलं. गुरुवारी प्लॉट नंबर चौदाच्या नंदिनी मॅडम दिवा घेऊन आल्या. शनिवारपर्यंत निवृत्त पोस्टमास्तर प्रभाकररावांनी देव स्वयंभू असल्याचं जाहीर करून टाकलं. दगड तसूभर हलला नाही. लीलाबाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी स्वतःच्या हातानं सगळ्या लेआउटला शिरा वाटला.

पुढल्या मंगळवारी बंडूजी अख्खं लेआउट घेऊन शेताच्या धुऱ्यावर, बांधावर हजर. बायकांच्या हातात आरतीची ताटं, बंडूजींच्या हातात दोरी आणि चुन्याचं घमेलं.

"काकू, देवाचं तोंड तुमच्या तुरीकडं हाये. सभामंडप तिकडंच काढा लागते. जास्त नाई, चाळीस पावलं."

सगळ्यांसमोर नाही म्हणावं, तर परवाच शिरा वाटलेला. बाईंनी बंडूजींना बाजूला ओढलं.

"बापू, तो देव नाई! तुह्याच हद्दीचा दगड हाये. शेंदूर म्या फासला."

"मले मालूम हाये," बंडूजी हळूच म्हणाले आणि वाकून त्यांच्या पाया पडले. "दगड माहा होता, काकू. देव तं तुम्हीच केला."