तिवस्याची शेळी

अकोल्याच्या आमच्या प्रयोगशाळेत मेलेली जनावरं येतात. ती कशानं मेली, हे मी वीस वर्षं शोधतोय. रागिणी दोनच वर्षांपूर्वी आली, तरी लोक दारातूनच विचारतात, “मॅडम नाहीत काय?”

सुरी लावण्याआधी ती पोटावर हात ठेवते आणि रोग सांगते. कधीच चुकत नाही. माझा नुसता जळफळाट होतो.

“तुले कसं समजते?” मी एकदा विचारलंच.

“सर, मी जनावरालेच इचारते,” ती हसली.

आज ती अमरावतीला गेली होती. टेबलावर तिवसा गावाहून आलेली शेळी होती. दार लावून मी तिच्या थंडगार पोटावर हात ठेवला. माझी मलाच लाज वाटली.

“काहून मेली?”

हाताखालचं पोट हळूच वर आलं. शेळीचं तोंड उघडलं.

“मॅडमले बोलवा.”