थांबलेला ठिपका

राजनंदिनीनं घरच्या तिघांसाठी ॲप बनवलं होतं. अण्णा टेम्पोत लोकांची जनावरं घालून घोडेगावच्या बाजाराला गेले, की परत येताना कुठवर आलेत ते आईला मोबाईलवर दिसायचं, आणि त्या बेतानं ती तव्यावर भाकरी टाकायची. सगळं झकास चाललं होतं. फक्त दर बाजाराला परतीच्या वाटेवर अण्णांचा ठिपका कुठल्याशा वस्तीवर अर्धा तास अडकून बसायचा. कॉलेजात ॲप दाखवायचा दिवस जवळ आला आणि चूक सापडेना, तशी पोरगी रडकुंडीला आली.

अण्णांना विचारलं, तर म्हणाले, "मी कशाला कुठं थांबतोय? तुझ्या ॲपातच बिघाड आसंल."

आईनं पिठाचे हात पदराला पुसले आणि नकाशा निरखला. "तुझं काई चुकलं न्हाई. त्या वस्तीवर आपली कपिला दिलीय. तिला बघायला थांबत्यात."

दूध काढताना लाथा मारते म्हणून ती गाय विकायचा धोशा आईनंच लावला होता.

"येडा हाय तुझा बाप," असं म्हणून ती पुन्हा भाकरी थापायला बसली.

पुढच्या बाजाराला "चाळणी घ्यायचीय" म्हणत आईही टेम्पोत बसून गेली. संध्याकाळी राजनंदिनीनं मोबाईल उघडला, तर त्या वस्तीवर दोन ठिपके थांबले होते. बराच वेळ हलेनात, तेव्हा तिनं हसत परात पुढं ओढली आणि स्वतःच पीठ मळायला घेतलं.